व्हाइट सँड्समधल्या पायाच्या ठशांचं वय कशावरून काढलं? ठसा म्हणजे तर नुसता खड्डा ना?

गाळपेर

नमस्कार मंडळी. भाचीला शाळेत आदिमानवावर प्रोजेक्ट दिलाय म्हणून मी तिला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्स नॅशनल पार्कचे फोटो दाखवले, पांढऱ्या मातीत उमटलेली अनवाणी पावलं, पाचही बोटं स्पष्ट, जास्त करून पोरासोरांची, आणि खाली लिहिलेलं की ही २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीची आहेत. तिने लगेच विचारलं, मामा, हाड असेल तर हाडाचं वय काढता येतं, लाकडाचं काढता येतं, पण ठसा म्हणजे तर नुसता खड्डा, खड्ड्याचं वय कसं काढणार? आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही.

मग वाचायला बसलो तर आणखी गोंधळ झाला. २०२१ ला म्हणे कुठल्यातरी पाणवनस्पतीच्या बियांवरून वय काढलं, मग त्या बिया फसवतात असं काहींनी लिहिलं, मग २०२३ ला परत काहीतरी, २०२५ ला परत. माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे साध्या भाषेत कोणी सांगेल का की बियांमध्ये नक्की काय घोळ होता आणि आता तो मिटलाय का? भाचीला चुकीचं काही सांगायचं नाहीये मला.

सीनाकाठ

गाळपेरदादा, भाचीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, ठशाचं वय कोणीच काढत नाही. काढतात ते ठशाच्या खालच्या आणि वरच्या थराचं.

आपल्याकडे तलाव आटला की काठावर काय होतं ते आठवा, ओल्या गाळात गुरं, माणसं, कुत्री सगळ्यांची पावलं उमटतात, ऊन लागलं की गाळ कडक होतो, आणि पुढच्या पावसात वरून नवीन बारीक गाळ येऊन बसला तर तो ठसा झाकला जातो, मोडत नाही. व्हाइट सँड्सला तसंच झालं, तिथं हिमयुगात लेक ओटेरो नावाचं मोठं उथळ तळं होतं, त्याच्या काठाचा चिखल, वाळू आणि जिप्सम असे पातळ पातळ थर एकावर एक बसत गेले आणि ठसे त्यात वेगवेगळ्या पातळ्यांवर आहेत, म्हणजे एकाच दिवशी सगळे चालून गेले असं नाही. संशोधकांनी चर खणला, बाजूची भिंत साफ केली आणि बघितलं तर ठशांच्या खाली बियांचा थर, वर परत बियांचा थर. खालच्या बियांपेक्षा ठसा नवा असणार आणि वरच्या बियांपेक्षा जुना असणार. बस, तत्त्व एवढंच आहे. खालून साधारण २३ हजार आणि वरून २१ हजार असे आकडे आले, मधली दोन हजार वर्षं माणसं त्या काठावर येत जात होती.

त्या बिया रुपिया नावाच्या पाणगवताच्या, आणि भांडण इथेच सुरू होतं. कार्बन १४ ची पद्धत अशी की झाड हवेतला कार्बन घेतं, त्यात थोडा कार्बन १४ असतो, झाड मेलं की नवीन येणं बंद आणि असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. २३ हजार वर्षं म्हणजे चार वेळा निम्मा, म्हणजे सोळावा हिस्सा शिल्लक, तो मोजता येतो. पण रुपिया पाण्यात बुडालेली असते, ती हवेतला नाही तर पाण्यात विरघळलेला कार्बन घेते. आणि पाणी जर चुनखडीच्या डोंगरातून झिरपून आलेलं असेल तर? चुनखडी कोट्यवधी वर्षं जुनी, तिच्यात कार्बन १४ शून्य. आमच्याकडे बोअरचं पाणी तापवलं की हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो ना, तो तसलाच दगडातून आलेला कार्बन. गवताने असा जुना कार्बन खाल्ला की ते काल उगवलेलं असलं तरी लॅबला म्हातारं वाटणार. गवतातला निम्मा कार्बन दगडातला असेल तर वय साडेपाच हजार वर्षांनी फुगलं म्हणून समजा.

आणि ही नुसती कल्पना नव्हती. त्याच खोऱ्यात मालपाइस स्प्रिंग नावाचा झरा आहे, तिथून १९४७ साली कोणीतरी रुपिया तोडून संग्रहात ठेवली होती, अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन १४ वाढायच्या आधीची म्हणून तपासायला एकदम योग्य. तिचं वय काढलं तर ते आलं सुमारे ७,४०० वर्षं! जिवंत तोडलेल्या गवताचं. म्हणजे पाचातले तीन हिस्से कार्बन दगडातला. हाच हिशेब ठशांच्या बियांना लावला तर २३ हजाराचे पंधरा साडेपंधरा हजारच उरतात, आणि मग त्यात एवढं जगावेगळं काही राहत नाही. त्यामुळे शंका घेणारे लोक काही उगाच आडमुठेपणा करत नव्हते, मला तर त्यांची शंका फार मोलाची वाटते.

पॅथलॅब_सांगली

सीनाकाठ यांनी छान सांगितलंय, पुढचा भाग मी सांगते कारण त्यात माझ्या कामाचं मशीन आहे आणि हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते.

बियांवर संशय आला म्हणून त्याच टीमने, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातले जेफ पिगाटी आणि कॅथलीन स्प्रिंगर वगैरे, त्याच थरांमधले परागकण काढायचं ठरवलं. कसले परागकण, तर पाइन, स्प्रूस, फर यांचे. ही झाडं जमिनीवरची, हवेतलाच कार्बन घेतात, तळ्याच्या पाण्याशी यांचा संबंध नाही, म्हणजे चुनखडीचा प्रश्नच गेला. पण एक परागकण केवढा असतो? डोळ्याला दिसतसुद्धा नाही, आणि वय काढायला पुरेसा कार्बन पाहिजे तर एका एका नमुन्यासाठी ७५ हजारांच्या आसपास कण गोळा करायला लागले. ते पण शुद्ध पाहिजेत, मध्ये कोळशाचा कण नको, दुसऱ्या कुठल्या झाडाचा कचरा नको.

हाताने सुईने वेचायचे म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून त्यांनी फ्लो सायटोमीटर वापरला. हेच मशीन आम्ही रक्तासाठी वापरतो, ल्युकेमियाचं निदान करायला, एचआयव्हीच्या पेशंटचा सीडी४ काउंट बघायला. एका बारीक धारेतून पेशी एकामागे एक लायनीत सोडायच्या, प्रत्येकीवर लेझर मारायचा, ती कशी चमकते त्यावरून ही कोण ते ओळखायचं, आणि सॉर्टर असेल तर पाहिजे ती बाजूला काढायची. पेशींच्या जागी परागकण, बाकी तेच. रोज ज्याच्यासमोर बसते त्या प्रकारच्या मशीनने हिमयुगातले पाइनचे कण वेचले हे मला अजून भारी वाटतं.

आणि परागांचं वय बियांशी जुळलं. साडेसात हजार वर्षांचा फरक पडायला पाहिजे होता, तो पडला नाही.

काळोखातला_क्वार्ट्झ

नमस्कार, मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी, ओएसएल डेटिंगवर काम करतोय, म्हणजे वाळूचा कण शेवटचा उन्हात कधी होता ते त्याच्या चमकेवरून काढायची पद्धत. वरच्या दोघांनी कार्बनचं सांगितलं पण २०२३ च्या त्याच पेपरमध्ये ओएसएल पण आहे आणि माझ्या मते तीच खरी महत्त्वाची गोष्ट, कारण ओएसएलमध्ये कार्बन येतच नाही, बी नाही, पराग नाही, नुसते वाळूचे कण.

क्वार्ट्झचा कण जमिनीत पुरला गेला की आजूबाजूच्या मातीत जे थोडंफार युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं त्याचा किरणोत्सर्ग त्याच्यावर पडत राहतो, आणि त्या ऊर्जेने कणाच्या आत इलेक्ट्रॉन अडकून बसत जातात. जितकी वर्षं अंधारात तितके जास्त अडकलेले. उन्हात कण आला की सगळं रिकामं, परत शून्यापासून सुरू. म्हणजे लॅबमध्ये ठराविक प्रकाश मारून त्यातून किती चमक बाहेर पडते ते मोजायचं, त्यावरून त्याने पुरल्यापासून एकूण किती डोस खाल्ला ते काढायचं, मातीत वर्षाला किती डोस मिळतो ते वेगळं मोजायचं आणि भागाकार करायचा. बोलायला सोपं आहे, करायला नाही. नमुना घेताना स्टीलचा पाइप थराच्या भिंतीत ठोकायचा, बाहेर काढताना काळ्या प्लास्टिकमध्ये, दोन्ही तोंडं बंद, एक मिनिट ऊन लागलं तरी तो भाग वाया. मी पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा भर एप्रिलमध्ये काळ्या ताडपत्रीखाली घुसून पाइप काढला होता, आत जीव गुदमरत होता पण सरांनी सांगितलेलं की इथे घाई केलीस तर पुढचे चार महिने फुकट. मग लॅबमध्ये मंद लाल दिव्यात पाइपच्या दोन्ही टोकांची माती काढून टाकायची, फक्त मधली घ्यायची, आम्लात धुवून क्वार्ट्झ वेगळा करायचा.

व्हाइट सँड्सच्या ठशांच्या थरातून असं केल्यावर उत्तर आलं की कमीत कमी सुमारे २१,५०० वर्षं. आता बघा, ओएसएल पण चुकते, पुरण्याआधी कणाला पुरेसं ऊन लागलं नसेल तर वय जास्त दिसतं, जमीन किती ओली होती याचा अंदाज चुकला तर डोस चुकतो. पण तिच्या चुका वेगळ्या आणि कार्बनच्या चुका वेगळ्या. चुनखडीचं पाणी क्वार्ट्झला फसवू शकत नाही आणि कमी ऊन बियांना फसवू शकत नाही. दोघं वेगवेगळ्या कारणांनी चुकून बरोब्बर एकाच आकड्यावर येतील हे मला तरी पटत नाही.

तरीही_शंका

सगळं वाचलं, चांगली माहिती आहे, पण मला दोन गोष्टी अजून खटकतात.

एक म्हणजे परागकण हलके असतात, वाऱ्याने उडतात, पाण्याने वाहतात. समजा आधीच्या जुन्या थरातले पराग धुपून आले आणि नवीन गाळात बसले तर? पराग २३ हजाराचे पण गाळ १५ हजाराचा असं होऊ शकतं ना? बियांचंही तेच, काठावर वाळलेल्या गवताचे गोळे वाऱ्याने लांब जाऊन पडतात.

दुसरी म्हणजे अवजारं कुठे आहेत? दोन हजार वर्षं माणसं तिथं चालत होती म्हणता आणि दगडाचं एक पातं नाही, चूल नाही, जळकं हाड नाही. न्यू मेक्सिकोमध्येच ब्लॅकवॉटर ड्रॉला क्लोव्हिस लोकांची भाल्याची टोकं मॅमथच्या हाडांबरोबर सापडलीत, साधारण १३ हजार वर्षांपूर्वीची, आणि कित्येक वर्षं तेच अमेरिकेतले पहिले लोक असं मानत होते. त्याच्या दहा हजार वर्षं आधी माणूस होता म्हणायचं आणि पुरावा फक्त पावलं? भांडायचं म्हणून नाही विचारत, मला खरंच समजून घ्यायचंय.

सीनाकाठ

शंका रास्त आहेत. पहिलीचं उत्तर माझ्या मते थरांच्या क्रमात आहे. जुना माल धुपून नव्यात मिसळला असता तर वयं वरखाली झाली असती, वरच्या थरात कधी जुनं तर खालच्या थरात कधी नवीन, खिचडी. इथं खालून वर जाताना वयं क्रमाने कमी होत जातात. बियांच्या टीमने हे पहिल्या पेपरपासून दाखवलंय. आणि मालपाइसच्या झऱ्याबद्दल त्यांचं म्हणणं असं की झऱ्याचं पाणी जमिनीतून नुकतंच वर आलेलं, त्यात दगडातला कार्बन भरपूर, पण ओटेरो तळं पसरट आणि उथळ, वारा लागून पाणी ढवळून निघायचं, हवेतला कार्बन त्यात मिसळत राहायचा, त्यामुळे झऱ्याचा हिशेब तळ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पराग जुळले तेव्हा हे म्हणणं खरं ठरलं असं मी धरतो.

२०२५ चं काय ते पण राहिलं होतं. अॅरिझोना विद्यापीठाचे व्हान्स हॉलिडे यांनी बिया नाही, पराग नाही, तर चिखलच घेतला, म्हणजे तळ्याच्या आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठचा सेंद्रिय पदार्थ असलेला गाळ, आणि वय काढलं वेगळ्या लॅबमध्ये. हे गृहस्थ २०२१ च्या पेपरच्या लेखकांतही होते, पण २०२३ च्या परागांच्या पेपरमध्ये नव्हते, आणि या भागात ठशांची बातमी यायच्या कितीतरी आधी काम करून गेलेले. त्यांचं उत्तर २०,७०० ते २२,४०० वर्षं. म्हणजे बी, पराग, चिखल तिन्हींचा कार्बन, आणि वर वाळूचं ओएसएल. माझ्यासारख्याला एवढं पुरे आहे.

अवजारांचं मात्र मी पण विचार करतो. पण असं बघा, आपण जे बघतोय ते माणसं राहत होती ती जागा नाही, चालून गेली ती जागा आहे. ठशांची एखादी रांग चालायला काही सेकंद लागले असतील. चांगला दगड लांबून आणायचा, ठोकून पातं करायचं आणि मग ते तळ्याच्या काठी टाकून जायचं असं कोण करेल? आमच्या शिवारात नदीच्या गाळात माणसांच्या पावलांच्या रांगा रोज बघतो, विळा पडलेला मी कधी बघितला नाही. मुक्कामाची जागा कुठेतरी असेल, त्या डोंगरांच्या पायथ्याला, पुरलेली किंवा धुपून गेलेली. सापडेल तेव्हा सापडेल.

बाय द वे, असल्या भांडणाला परदेशातच जायला नको, जुन्नरजवळ बोरीला कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याबरोबर दगडी हातकुऱ्हाडी. त्या राखेचं वय एकदा आलं १४ लाख वर्षं, मग दुसऱ्या मापनात ६ लाख ७० हजार, आणि काही जण म्हणतात ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, म्हणजे ७५ हजारांच्या आसपास. १४ लाख आणि ७५ हजार! नदीने राख उचलून दुसरीकडे टाकली की काय होतं ते तिथं कळतं. त्यामुळे व्हाइट सँड्सला चार वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर येतं हे मी साधी गोष्ट समजत नाही.

काळोखातला_क्वार्ट्झ

तरीही_शंका, एक मुद्दा जोडतो. २३ हजार वर्षं खरी धरली तर प्रश्न ठशांपाशी थांबत नाही. साधारण २६ ते १९ हजार वर्षांपूर्वी हिमयुग सगळ्यात कडक होतं, कॅनडावर दोन मोठी हिमस्तरं एकमेकांना चिकटलेली, मधून वाट नाही. म्हणजे माणसं एकतर बर्फाने वाट बंद व्हायच्या आधी आली असणार किंवा पॅसिफिकच्या किनाऱ्याकिनाऱ्याने. यामुळेच एका बियाण्यावरून लोक इतकी वर्षं भांडले, कारण त्या बियाण्यावर अख्ख्या दोन खंडांचा माणसांचा इतिहास सरकत होता.

आणि ओएसएल फक्त इथेच नाही, मोरोक्कोत लाराशला, फ्रान्समध्ये ल रोझेलला, सौदीत अलाथरला ठसे मिळालेत त्यांची वयं पण वाळूवरूनच काढलीत. टांझानियातल्या लेटोलीचं वेगळं, तिथं ठसे ज्वालामुखीच्या राखेत आहेत म्हणून राखेतल्या पोटॅशियमवरून काढलं, ३६ लाखांच्या वर. जागेत जे मिळेल त्यावरून घड्याळ ठरतं.

गाळपेर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भाचीला रात्री सांगितलं की खड्ड्याचं वय नाही काढत, खड्ड्याच्या खालच्या आणि वरच्या गादीचं काढतात, तिला लगेच कळलं, तिने वहीत तीन रेघांचं चित्र काढलंय. हिटरवरचा पांढरा थर पण दाखवला.

एकच राहिलं. तिला सगळ्यात आवडलेला फोटो म्हणजे एक बाई लहान मुलाला घेऊन चालत गेली आणि परत आली ती लांबलचक रांग. तिच्याखाली २३ हजार वर्षं लिहू ना?

पॅथलॅब_सांगली

नका लिहू! ही गल्लत खूप ठिकाणी दिसते म्हणून बरं झालं विचारलंत. ती रांग त्याच पार्कमधली आहे पण जागा वेगळी, पेपर पण वेगळा, २०२० चा. दीड किलोमीटरहून लांब, एक बाई किंवा तरुण मुलगा भराभर चालत गेलेला, मध्येमध्ये छोट्या मुलाचे ठसे, म्हणजे तिथं खाली उतरवलं असणार. जाताना एका बाजूची पावलं दुसरीपेक्षा वेगळी पडलीत, कडेवर मूल घेऊन निसरड्या चिखलातून चाललं की पडतात तशी, आणि परत येताना मुलाचे ठसे नाहीत. त्या रांगेला मधल्या वेळात एक मॅमथ आणि एक राक्षसी स्लॉथ (आता नामशेष झालेलं अवाढव्य जनावर) आडवे गेलेत, मॅमथला काही फरक पडलेला दिसत नाही, स्लॉथ मात्र थबकून वळलेला. तिथं बियांचे थर नव्हते, ही जनावरं नामशेष व्हायच्या आधीची म्हणून ती रांग १० हजार वर्षांहून जुनी, एवढंच म्हणता येतं. तेवढंच लिहा.

दोन मुलींची आई आहे मी, ती रांग बघितली की माझी कंबरच दुखायला लागते हो. त्या मुलाला तिने कुठे सोडलं असेल, कोणाकडे, आईकडे, बहिणीकडे, हेच डोक्यात येतं.

गाळपेर

बदललं ताई. "१० हजार वर्षांहून जुनी, नक्की वय काढलेलं नाही" असं लिहायला सांगितलं. ती म्हणाली, मग याच्या खाली पण बिया शोधा ना.